दुभाष्याचे इमान

दोन माणसांनी करार केला असे आपण केव्हा म्हणतो, या प्रश्नाला १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने आपल्या तेराव्या कलमात दिलेले उत्तर थोडक्यातले असले तरी मोठे अर्थगर्भ आहे. दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने होकार दिला असेल, तर ती संमती. कायद्याच्या विद्यार्थ्याला या व्याख्येतील ‘एकच गोष्ट’ महत्त्वाची वाटते. साहित्याच्या विद्यार्थ्याचे लक्ष मात्र ‘एकाच अर्थाने’ या शब्दांवर खिळते. एकाच भाषेत वाढलेल्या, एकाच आळीत राहणाऱ्या दोन माणसांनाही एकाच शब्दाचा एकच अर्थ अभिप्रेत असतो असे छातीठोकपणे सांगता येत नाही. मग विकणारा एका भाषेत बोलतो, घेणारा दुसऱ्या भाषेत ऐकतो आणि मध्ये तिसराच कुणीतरी उभा असतो, तेथे या ‘एकाच अर्था’ची हमी कोणी द्यावयाची? करार दोघांत होतो. परंतु तो ज्याच्या तोंडून होतो, त्या तिसऱ्याचे त्या व्याख्येत नावही नाही.

हा तिसरा म्हणजे दुभाषी. आपल्याकडे त्याचे काम प्राचीन, पण प्रतिष्ठा बेताचीच. दुटप्पी, दुतोंडी या शब्दांच्या शेजारी राहून ‘दुभाषी’ हा शब्द थोडा विटाळला असावा, असे मला पुष्कळदा वाटते. मद्रासेकडे ‘दुबाश’ हा कंपनीचा नुसता अर्थवाहक नव्हता, तो दलाल होता, सावकार होता, प्रसंगी राजकारणीही होता. फ्रेंचांच्या पाँडिचेरीत आनंद रंग पिळ्ळै यांनी ते काम करता करता लिहिलेली रोजनिशी अठराव्या शतकाच्या इतिहासाचे मोठे साधन ठरली. मुंबईत ‘दुभाष’ हे पारशी आडनावच झाले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडेन इंग्रजांचा वकील म्हणून रायगडावर आला, तेव्हा त्याच्या बाजूने बोलणारा नारायण शेणवी हा इथलाच माणूस होता. तो इंग्रजांच्या पगारावर आहे हे महाराजांना ठाऊक होते, आणि महाराजांना ते ठाऊक आहे हे शेणव्यालाही ठाऊक होते. या उघडेपणाकडे पुढे पुन्हा यावे लागणार आहे.

या प्रश्नाचा विचार लखनौच्या संदर्भात करण्यास कारण आहे. नेमक्या दुभाष्यावाचून काय होते आणि तो लाभला तर काय होऊ शकते, या दोहोंचे दाखले या एका शहराने दिले आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अंत्वान पोलिए हा स्विस गृहस्थ अवधात येऊन राहिला. मुनशींच्या हातून त्याने लिहवून घेतलेल्या फारसी पत्रांचा संग्रह ‘इजाज़-ए-अर्सलानी’ या नावाने आज उपलब्ध आहे. त्यांत दरबारी मजकूर आहेच, पण व्यापाऱ्यांना, कारागिरांना आणि गुमास्त्यांना लिहिलेली पत्रेही आहेत. माल कसा हवा, तो कुठे अडला, काम कुठवर आले, असा सारा दैनंदिन व्यवहार एका परक्या माणसाने मुनशीच्या लेखणीने चालवला. पोलिएला हिंदुस्थानी बोलता येई. पण पत्र कुणाला कोणत्या मायन्याने लिहावे हे बोलता येण्याने कळत नाही. ते मुनशीला कळत होते. भाषा येणे आणि रीत येणे यांतील अंतर पोलिएने ओळखले, म्हणून त्याचा व्यवहार चालला.

हे अंतर न राखले गेल्याचे उदाहरण याच शहराच्या इतिहासात आहे आणि ते फार करुण आहे. १८५६ च्या फेब्रुवारीत अवधचे राज्य खालसा झाले. नबाब वाजिद अली शाह कलकत्त्यास गेला, आणि त्याची आई मलिका किश्वर मोठा लवाजमा घेऊन विलायतेस निघाली. हेतू हा, की राणीला आणि पार्लमेंटला आपली कैफियत समक्ष सांगावी. १८५७ च्या ऑगस्टमध्ये या घराण्याचा अर्ज हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला आणि परत गेला. कारण असे देण्यात आले, की त्यात अर्जदारांनी स्वतःस ‘नम्र’ म्हणवून घेतलेले नाही. सभागृहाच्या रिवाजाप्रमाणे अर्जात तो शब्द आवश्यक होता. त्या एका शब्दाच्या अभावी एका राजघराण्याचे गाऱ्हाणे दाराबाहेर राहिले. पुढे १८५८ च्या जानेवारीत ही वृद्ध स्त्री पॅरिसमध्ये वारली आणि तिथल्याच मातीत तिला मूठमाती मिळाली.

तो शब्द असता तर राज्य परत मिळाले असते काय? मुळीच नाही. हिंदुस्थानात तेव्हा बंडाचा वणवा पेटला होता आणि लखनौच्या रेसिडेन्सीला वेढा पडलेला होता. अशा वेळी लॉर्ड्सना एक सबब हवी होती, ती मिळाली. हे सारे मान्य करूनही माझे म्हणणे राहतेच. ज्याला सबब शोधायची आहे त्याच्या हाती ती न देणे, हे मध्यस्थाच्या कामाचे अर्धे अंग आहे. त्या अर्जात भाषांतराची चूक होती असे कुणी म्हटलेले नाही. उणीव होती ती त्या सभागृहाची रीत जाणणाऱ्या माणसाची. सातारच्या प्रतापसिंह महाराजांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी १८४० पासून सुमारे तेरा वर्षे लंडनमध्ये ठाण मांडून बसले. तिथली भाषा आणि रीत या दोहोंचा त्यांनी अभ्यास केला. न्याय त्यांनाही मिळाला नाही. पण त्यांचे गाऱ्हाणे निदान एका शब्दासाठी परत आले नाही.

येथून नैतिक प्रश्नाला खरी सुरुवात होते. विषयाचे अज्ञान ही दुभाष्याची केवळ उणीव मानावी, की तो त्याचा अपराध मानावा? वैद्याने न कळणाऱ्या रोगावर औषध दिले तर आपण त्याला अपराधी मानतो. भाषांतरकाराला मात्र आपण सहज क्षमा करतो, कारण भाषा सर्वांचीच असते आणि ज्याला दोन भाषा येतात त्याला दोन्हींतले सर्व काही येते असा आपला भाबडा समज असतो. मराठी घ्या. ‘परतावा’ हा शब्द गुंतवणुकीवर मिळणाऱ्या लाभासाठी वापरतात आणि भरलेले पैसे परत मिळण्यासाठीही वापरतात. ‘हमी’ या एका शब्दाखाली आपण गॅरंटी आणि वॉरंटी दोन्ही झाकून टाकतो. आणि माल-विक्रीच्या १९३० च्या कायद्यात तर वॉरंटी मोडल्यास ग्राहक नुकसानभरपाई मागू शकतो, पण केवळ तेवढ्याने माल नाकारू शकत नाही. हा भेद ज्याला ठाऊक नाही, त्याचे मराठी कितीही प्रासादिक असो, त्याने या कागदाला हात लावू नये, असे प्रथमदर्शनी कोणीही म्हणेल.

प्रथमदर्शनी म्हणण्याचे कारण असे, की हा निर्णय जसाच्या तसा स्वीकारला तर बहुतेक भाषांच्या वाट्याला काहीच येणार नाही. भारतीय दंडसंहितेचे उर्दू रूप ‘ताज़ीरात-ए-हिंद’ सिद्ध करण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, ते डेप्युटी नज़ीर अहमद कायदेपंडित नव्हते. ते शिक्षणखात्यात होते. तरीही बदनामीच्या गुन्ह्यासाठी ‘इज़ाला-ए-हैसियत-ए-उर्फ़ी’, म्हणजे लोकमानसातील माणसाच्या स्थानाला धक्का पोहोचवणे, अशी संज्ञा त्या भाषांतराने दिली. शब्द लांबलचक आहे खरा, परंतु त्यात गुन्ह्याचे तत्त्व पकडलेले आहे. आपल्या ‘अब्रुनुकसानी’त ते तितके उतरत नाही; ‘अब्रू’ ही माणसाजवळ असते, ‘उर्फ़’ मात्र लोकांजवळ असते, आणि हा गुन्हा जिथे घडतो ती जागा लोकांचे मन ही आहे. मूळ दंडसंहिता भारतात २०२४ च्या जुलैत संपुष्टात आली, तरी सीमेपलीकडे ती ‘ताज़ीरात-ए-पाकिस्तान’ म्हणून त्याच नावाच्या वळणाने चालू आहे.

लखनौचेच दुसरे उदाहरण मिर्ज़ा हादी रुसवा यांचे. ‘उमराव जान अदा’ या १८९९ च्या कादंबरीने ते आपल्याला परिचित आहेत. पण हा माणूस रुडकीला अभियांत्रिकी शिकला होता, रसायन आणि ज्योतिष यांचा त्याला नाद होता, आणि उत्तरायुष्यात हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या दारुल तर्जुमा या भाषांतर-विभागात त्याने तत्त्वज्ञानासारख्या विषयांची भाषांतरे केली. मराठवाड्यातील जुन्या पिढीचे उच्च शिक्षण ज्या उर्दूतून झाले, ती शास्त्रीय उर्दू अशा माणसांनी घडवली होती. एका लखनवी कादंबरीकाराने घडवलेल्या परिभाषेत परभणी-नांदेडकडचे मराठी विद्यार्थी विज्ञान शिकत होते, ही गोष्ट आमच्या वाङ्मयेतिहासांत अद्याप नीट नोंदलेली नाही, हे जाता जाता.

सर्वांत उद्बोधक उदाहरण मात्र एका मराठी माणसाचे आहे. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. करारातील ‘एकच अर्थ’ म्हणजे काय हे त्यांना धंद्यानेच ठाऊक असणार. उत्तर हिंदुस्थानातील उस्तादांची विद्या त्यांच्या गळ्यांत आणि बोलीत होती, ग्रंथांची विद्या संस्कृतात होती, आणि भातखंड्यांना लिहावयाचे होते मराठीत. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चारही भाग त्यांनी संवादरूपाने मराठीत लिहिले, शिष्य विचारतो आणि गुरू सांगतो. हे रूप त्यांनी का निवडले असावे याचा विचार केला, तर त्यांच्या स्वतःच्या जीवनक्रमाची आठवण होते. त्यांनी आयुष्यभर हेच केले होते. गावोगाव जाऊन, प्रसंगी गंडा बांधून, प्रसंगी अपमान गिळून उस्तादांना प्रश्न विचारले होते. न कळलेले पुन्हा विचारणे ही त्यांची पद्धती होती. लखनौकडचे तालुकदार राजा नवाब अली खाँ यांनी याच विचारांच्या आधारे उर्दूत ‘मआरिफ़ुन्नग़मात’ हा ग्रंथ रचला. म्हणजे उस्तादांच्या बोलीतून मराठीत गेलेले ज्ञान उर्दूत परत आले. १९२६ साली लखनौत मॅरिस कॉलेज निघाले. त्याचेच पुढे भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ झाले. कैसरबागेत ज्या परीखान्यात वाजिद अली शाहच्या काळी नृत्यगायनाचे शिक्षण चाले, तेथे या संस्थेचे वर्ग भरू लागले.

भातखंड्यांवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. दहा थाटांच्या चौकटीत न मावणारे राग त्यांनी मावविले, उस्तादांची तोंडी विद्या कागदावर आणून तिच्यातला श्वास काढून घेतला, ज्यांनी विद्या दिली त्यांच्या अधिकाराचे माप थोडे कमी केले, असे म्हणणारे जाणकार आहेत. हे सगळे खरे धरले तरी एक गोष्ट उरते. मराठी पोथी हाती घेणाऱ्याला हे ठाऊक असते की ही भातखंड्यांची मांडणी आहे. चूक असेल तर ती कुणाच्या नावावर टाकावयाची हे स्पष्ट आहे. गंमत अशी की ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ हा आपला संस्कृत ग्रंथ त्यांनी ‘चतुरपंडित’ या टोपणनावाने लिहिला आणि मराठीत त्या पंडिताचा हवाला एखाद्या परक्यासारखा दिला. नाव झाकून अधिकार मिळवण्याचा मोह एवढ्या मोठ्या माणसालाही झाला होता.

आता आजच्या बाजाराकडे वळू. लखनवी चिकनकारीला २००८ साली भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. चौकातल्या दुकानदाराचा कुर्ता आज इंटरनेटवरून नागपूर-कोल्हापुरात विकला जातो आणि त्याचे वर्णन मराठीत येते. ॲमेझॉनने २०२१ साली आपले विक्रीदालन मराठीत आणले, तेव्हा कंपनीने सांगितलेले धोरण असे होते की तंतोतंत भाषांतरित शब्दापेक्षा रोजच्या वापरातला शब्द निवडावा. हे धोरण मला मनापासून पटते. ‘प्रतिदेय’ आणि ‘अभिप्राप्ती’ असले शब्द आपल्या शासकीय मराठीने पुष्कळ दिले, त्यांत भर नको. तथापि रोजचा शब्द निवडण्यासाठी तो कुणाच्या रोजचा आहे हे ठरवावे लागते. चिकनकारीत ‘बखिया’ म्हणजे उलट्या बाजूने घातलेला टाका, ज्याची सावली सुलट बाजूला दिसते; आपल्या शिंप्याचा ‘बखया’ वेगळा. ‘जाली’ हे कापड नसून सुईने धागे दूर सारून, एकही धागा न ओढता केलेले काम आहे. मराठी वाचकाला ‘जाळी’ म्हटले की जाळीदार कापडच दिसणार. ‘मुर्री’ तांदळाच्या दाण्यासारखी, ‘फंदा’ बाजरीच्या दाण्यासारखा. आणि देवनागरीत ‘चिकन’ लिहिले की यंत्राला कोंबडी आठवण्याचा धोका आहेच. त्यावर हसून मोकळे होता येते.

हसण्यावारी न नेता येणारी गोष्ट वेगळी आहे. यंत्रावर भरतकाम केलेल्या कापडाच्या वर्णनात मुळात ‘चिकन पद्धतीचे’ असे शब्द असतात असे धरू. भाषांतरात ‘पद्धतीचे’ गळते आणि ‘लखनवी चिकन’ उरते. एक शब्द गेला. कधी तो निष्काळजीपणे जातो, कधी विकणाऱ्याला तो गेलेला हवाच असतो आणि भाषांतरकाराला हे कळत असते. तेव्हा तो म्हणू शकतो, मी केवळ वाहक आहे, माल माझा नाही. मला हे समर्थन मान्य नाही. फसवणूक ज्या क्षणी घडली त्या क्षणी लेखणी त्याच्या हातात होती. शिवाय येथे फसतो तो एकटा ग्राहक नव्हे. काकोरी-मलिहाबादच्या बाजूला घरी बसून नगावर मजुरी घेणाऱ्या बाईचा टाका त्या शब्दाने यंत्राच्या टाक्याइतका स्वस्त होतो. करार दोघांत होतो, पण त्याचा घाव तिसऱ्या एका हातावर बसतो. त्या हाताची मालकीण हे वर्णन कधी वाचणार नाही.

नारायण शेणव्याच्या उघडेपणाकडे आता परत येतो. जुना दुभाषी पक्षपाती असे, पण तो दिसत असे. ऐकणारा त्याच्या चेहऱ्याकडे पाहून, त्याचा धनी कोण हे जाणून, त्याच्या बोलण्यातून काही वजा करून घेई. आजच्या ग्राहकाला आपण भाषांतर वाचत आहोत हेदेखील माहीत नसते. त्याला वाटते दुकानदारच आपल्याशी मराठीत बोलतो आहे. अविश्वासाचा जो हक्क जुन्या श्रोत्याला होता, तो याच्याकडून काढून घेतलेला आहे. म्हणून दुभाषी जितका अदृश्य, तितके त्याचे दायित्व अधिक, असे मला वाटते. ‘मी अनामिक आहे, माझे काय जाते’ हा प्रचलित समज याच्या नेमका उलट आहे.

परंतु केवळ भाषांतरकाराला पिंजऱ्यात उभे करून हा विचार संपवणे अन्यायाचे होईल. आमच्या साहित्याच्या वर्गांतून बाहेर पडलेले किती तरी तरुण आज हे काम प्रतिशब्द दराने करतात. त्यांच्यापुढे पान येत नाही; तक्ता येतो, आणि तक्त्याच्या चौकटींत सुटे शब्द असतात. ‘ऑर्डर’ म्हणजे मागणी, आज्ञा की क्रम? विचारायचे कुणाला? लिहिणारा कोण हे माहीत नाही, विकणारा कोण हे माहीत नाही, मुदत संध्याकाळची. अलीकडे तर आधी यंत्र भाषांतर करते आणि माणसाने ते केवळ तपासायचे, तेही कमी दराने. भातखंड्यांना उस्तादाच्या दारात ताटकळता आले, नज़ीर अहमदांना शब्द शोधण्यास अवधी आणि सोबती मिळाले. ज्ञान कामातून येऊ शकते, हे त्या उदाहरणांतून दिसते; मात्र त्यासाठी विचारण्याची वाट उघडी हवी. ती वाट ज्याने व्यवस्थेतूनच बंद केली, त्याने ‘तज्ज्ञ भाषांतरकार मिळत नाहीत’ अशी तक्रार करावी, हे मला सहन होत नाही. विषयाचे अज्ञान हा अपराध असेल, तर प्रश्न विचारू न देणारी व्यवस्था उभारणारा त्या अपराधाचा मोठा वाटेकरी आहे.

यंत्राविषयी दोन शब्द. २०१७ पासून मराठीची यांत्रिक भाषांतरे लक्षणीय सुधारली, २०२२ साली शासनाचा ‘भाषिणी’ उपक्रमही आला, आणि खेड्यातल्या माणसाला इंग्रजी कागदाचा निदान अंदाज घेता येऊ लागला, हे लहान काम नाही. माझी हरकत शुद्धाशुद्धतेची नाही. चांगल्या दुभाष्याचा मोठा गुण म्हणजे ‘हे मला कळले नाही’ असे म्हणण्याची तयारी. यंत्र अडत नाही. जे कळले नाही तेही ते कळल्याच्याच सुरात सांगते. अडखळणे हा श्रोत्याला मिळणारा इशारा असतो, आणि सफाईने तोच पुसला जातो.

कायदा या बाबतीत थोडा पुढे सरकला आहे. ग्राहक संरक्षणाच्या ई-वाणिज्यविषयक २०२० च्या नियमांनी आधीच खूण केलेली संमती बाद ठरवली. ग्राहकाने स्वतः होकार नोंदवला पाहिजे. वैयक्तिक विदेच्या संरक्षणाच्या २०२३ च्या अधिनियमाने तर संमतीची विनंती स्पष्ट व सोप्या भाषेत असावी आणि ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय माणसाला मिळावा असे म्हटले. बावीस भाषा. १८७२ चा ‘एकच अर्थ’ आता बावीस भाषांत सांभाळावयाचा आहे, आणि तो कोण सांभाळणार याविषयी त्या कलमात मौन आहे.

हे मौन किती महाग पडते ते न्यायालयांनी पाहिले आहे. अयोध्येच्या जमिनीच्या वादाचा निकाल लखनौ खंडपीठाने २०१० साली दिल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१७ ते २०१९ या काळात फारसी, संस्कृत, उर्दू, हिंदी आदी भाषांतील कागदांच्या भाषांतरासाठी, पुढे त्या भाषांतराच्या बिनचूकपणाविषयी, सुनावणी थांबत राहिली. महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधत फिरावे लागले. निजामाच्या काळातील एका ओळीच्या वाचनावर घराण्याचा दाखला अवलंबून होता. ज्यांना आपण पन्नास वर्षे निरुपयोगी विद्येचे उपासक म्हटले, त्यांच्या दारी सरकारी गाड्या उभ्या राहिल्या.

न्यायालयात दाखल होणाऱ्या भाषांतराखाली कुणाची तरी सही असते. १९५२ च्या नोटरी अधिनियमाने भाषांतर करणे आणि ते पडताळणे हे नोटरीच्या कामांत धरले आहे. साहित्य अकादेमीने १९८९ पासून अनुवादासाठी स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, तेव्हापासून आपल्या ग्रंथांच्या मुखपृष्ठावर अनुवादकाचे नाव थोडे मोठ्या अक्षरात दिसू लागले. बाजारातल्या मजकुराखालीही ते का असू नये? अटी व शर्तींच्या मराठी पानाखाली ‘हे भाषांतर अमुक यांनी केले, तमुक जाणकाराने तपासले’ किंवा ‘हे यंत्राने केले, कुणी तपासलेले नाही’ एवढी एक ओळ. अशी ओळ आल्याने फसवणूक थांबेल असे मी म्हणत नाही. दर वाढतील, काम रेंगाळेल, काही कंपन्या मराठी पानच काढून टाकतील आणि पुन्हा इंग्रजीकडे जातील, हा आक्षेप मला एका तरुण भाषांतरकारानेच घातला. त्याचा रोजगार या पानांवर आहे, तेव्हा त्याच्या भीतीला वजन आहे. नाव छापण्याविषयी विचारले तेव्हा तो थोडा थांबला आणि म्हणाला, की मग काही कामे त्याला नाकारावी लागतील.